अंगठा शेतकऱ्याचा, जबाबदारी कोणाची?

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी आटोपली की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो विक्रीसाठी. आधारभूत खरेदी केंद्रावर धान घालायचा तर आधी पोर्टलवर नोंदणी हवी. नोंदणीला सातबारा हवा, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतली धानाची नोंद हवी, आधार हवे, बँकेचे पासबुक हवे. अलीकडे तर ज्याच्या नावे जमीन, त्याने स्वतः केंद्रावर येऊन फोटोही द्यावा लागतो. मग बारदाना येईल तेव्हा तोलाई, आणि तोलाईनंतर चुकाऱ्याची वाट. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातला दोन एकरांचा धनी एका हंगामात निदान पाच माहिती प्रणालींतून जातो: महसूल खात्याची, पीक पाहणीची, आधारची, खरेदीची आणि बँकेची. त्याला त्यांची नावे ठाऊक नसतात. पण त्यांतली एक जरी बिघडली, किंवा एकीत कुणी हात घातला, तरी अडकतो तो त्याचाच चुकारा.

या साखळीत सुरक्षेसाठी म्हणून जे जे केले गेले, ते नीट पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. जवळजवळ सगळी तपासणी शेतकऱ्याच्या टोकाला आहे. अंगठा त्याचा, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, फोटो त्याचा, कागद त्याचे. साखळीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे एका लॉगिनवर शेकडो क्विंटलची नोंद चढते, मंजुरी मिळते, रक्कम सुटते, तिथे मात्र बहुतेक वेळा एक आयडी आणि एक पासवर्ड एवढाच पहारा असतो. माझे म्हणणे असे, की हा आळस नाही, ही रचनेची चूक आहे. आपल्याकडे प्रणाली आधी बांधली जाते, घाईने चालू होते, आणि गैरव्यवहार उघड झाला की सुरक्षा वरून चढवली जाते. वरून चढवलेली सुरक्षा नेहमी सगळ्यात दुबळ्या माणसाच्या अंगावर पडते, कारण तोच एक हाताशी असतो.

गोंदिया ज्या नागपूर महसुली विभागात येतो, तिथलेच उदाहरण घेऊ. राज्यातल्या अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे पगार 'शालार्थ' या प्रणालीतून निघतात. शिक्षकाला शालार्थ आयडी मिळाला की त्याचे नाव वेतनाच्या यादीत येते. एप्रिल २०२५ मध्ये नागपूर विभागातला शालार्थ घोटाळा बाहेर आला. सुरुवात झाली ती शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या मुख्याध्यापकाच्या नेमणुकीपासून. मग बनावट आयडींची संख्या वाढत गेली आणि विभागात ५८० अपात्र शिक्षक-कर्मचाऱ्यांचा आकडा पुढे आला. उपसंचालक दर्जाच्या अधिकाऱ्यापासून लिपिकांपर्यंत अटका झाल्या. आयडी-पासवर्डचा गैरवापर झाल्याची तक्रार सायबर पोलिसांकडेही गेली. पुढे राज्यभराच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले गेले.

दोषी कोण ते न्यायालय ठरवील. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. पाचशेंहून अधिक माणसे पगाराच्या यादीत चढेपर्यंत प्रणालीने एकदाही हरकत का घेतली नाही? प्रत्येक शाळेची संचमान्यता शासनाकडेच असते. कोणत्या शाळेत किती पदे मंजूर आहेत, हे त्याच शिक्षण खात्याच्या दुसऱ्या संगणकात लिहिलेले असते. वैयक्तिक मान्यतेच्या आदेशाला जावक क्रमांक असतो, तारीख असते. नवा आयडी तयार करताना सॉफ्टवेअरने एवढेच विचारले असते की या शाळेत पद रिकामे आहे का आणि हा आदेश जावक नोंदवहीत सापडतो का, तर पुष्कळ नावे पहिल्याच पडद्यावर अडली असती. एखाद्याची नेमणूक मागच्या तारखेने दाखवून वर्षानुवर्षांची थकबाकी एकदम काढली जात असेल, तर त्या एका बिलाने कुठेतरी लाल खूण उठायला हवी होती. यांतले काहीही अवघड तंत्रज्ञान नाही. पण ते प्रणाली लिहायच्या आधी कुणीतरी ठरवावे लागते. आराखडा करताना कुणीतरी विचारावे लागते की याच प्रणालीतून चोरी करायची असेल तर चोर कोणत्या दाराने येईल. हा प्रश्न कागदावर आलाच नाही, तर पुढचा प्रोग्रामर तो स्वतःहून विचारणार नाही. त्याला सांगितलेले असते ते एवढेच: फॉर्म भरला गेला पाहिजे, यादी छापली गेली पाहिजे, पगार एक तारखेला झाला पाहिजे.

जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात संगणक प्रणालींच्या संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. पन्नास वर्षे झाली, तरी ती आजही अभ्यासक्रमात आहेत. त्यांतली तीन आपल्या सरकारी कचेऱ्यांसाठीच लिहिली आहेत असे वाटावे. पहिले, ज्याला ज्या कामापुरता अधिकार लागतो तेवढाच द्यावा. दुसरे, जोखमीचे काम एका किल्लीवर उघडू नये, दोन वेगळ्या माणसांच्या दोन किल्ल्या लागाव्यात. तिसरे, स्पष्ट परवानगी नसेल तर उत्तर 'नाही' असावे. बँकेत नोंद करणारा एक आणि तपासून पास करणारा दुसरा, हा रिवाज संगणकाच्या आधीपासून आहे. आपल्या तहसिलीतही जुन्या नोंदवह्यांना अशीच रीत होती: लिहिणारा कारकून, तपासणारा अव्वल कारकून, सही करणारा अधिकारी, आणि खाडाखोड केली तर तिथे आद्याक्षरी. संगणक आला तेव्हा कागद गेला, आणि कागदाबरोबर ही रीतही गेली. तीन जणांचे काम एका लॉगिनवर आले आणि त्याला आपण गती म्हटले.

यावर एक उत्तर हमखास मिळते: 'माणसेच भ्रष्ट असतील तर सॉफ्टवेअर काय करणार? दोन किल्ल्या केल्या तरी दोघे मिळून खातील.' हे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. संगनमत झाले तर कोणतीही प्रणाली फसू शकते. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात तर गुण बदलल्याच्या आरोपात परीक्षेचे काम घेतलेल्या कंपनीचीच माणसे पकडली गेली आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. म्हणजे ज्याने घर बांधले, त्याच्याच हाती तिजोरी होती. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. प्रणाली माणसाला प्रामाणिक करू शकत नाही, हे खरेच. ती दोन गोष्टी करू शकते. लबाडीला एकाऐवजी चार माणसे लागतील अशी व्यवस्था करू शकते, आणि लबाडीची न पुसता येणारी खूण ठेवू शकते. उत्तरपत्रिका तपासली त्याच क्षणी गुणांची मोहोरबंद प्रत दुसऱ्या संस्थेकडे गेली असती, तर नंतर आकडे बदलणाऱ्याला दोन ठिकाणी हात घालावा लागला असता. चार माणसांची लबाडी एका माणसाच्या लबाडीपेक्षा लवकर फुटते, हे कुठल्याही पोलीस पाटलाला विचारा.

आता पुन्हा धानाच्या केंद्रावर येऊ, कारण सुरक्षा आत बांधणे म्हणजे नेमके काय, ते तिथे फार स्पष्ट दिसते. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात कागदोपत्री खरेदी आणि गोदामात धान नाही, अशा तक्रारी नव्या नाहीत. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचा धान चढवणे, बोनससाठी न पिकवलेल्या धानाची नोंदणी करणे, हेही ऐकून आहोत. समजा, एका केंद्रावर दोन वजनकाटे आहेत आणि पोर्टलवर एका दिवसात ५,००० क्विंटल खरेदी नोंदली गेली. केंद्रावर धान भरतात तो कट्टा ४० किलोचा. म्हणजे १२,५०० कट्टे. दोन काट्यांवर आठ तास न थांबता काम केले, तरी एका कट्ट्याला पाच सेकंदसुद्धा मिळत नाहीत. कट्टा उचलायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा थांबू द्यायचा, लिहायचा, उतरवायचा, थप्पीला लावायचा. हमालाने खांद्यावर कट्टा घेऊन काट्यापाशी यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. ज्याने आयुष्यात एकदा तोलाई पाहिली आहे, त्याला हा आकडा खोटा आहे हे तत्काळ कळेल. पोर्टलला कळत नाही, कारण पोर्टल बांधणाऱ्याला कुणी तोलाई दाखवलीच नाही. २०२५-२६ च्या हमीभावाने, क्विंटलला २,३६९ रुपयांप्रमाणे, एवढ्या धानाची किंमत १ कोटी १८ लाखांच्या वर जाते. केंद्रावर काटे किती, हमाल किती, गोदामाची साठवण किती, हे तीन आकडे हंगामाच्या आरंभी प्रणालीत भरून घेतले आणि त्यापलीकडची नोंद आपोआप थांबवली, तर ती सुरक्षा. तिला अंगठा लागत नाही, आणि शेतकऱ्याला एकही जास्तीची फेरी पडत नाही.

असा विचार खुर्चीवरच्या अभियंत्याला एकट्याने सुचणार नाही. ग्रेडर, हमाल, केंद्र चालवणाऱ्या संस्थेचा सचिव, धान आणणारा शेतकरी यांच्याशी बोलल्याशिवाय धोक्याची यादी पुरी होत नाही. ही यादी करणे हेच सुरक्षित प्रणाली बांधण्याचे पहिले काम आहे, आणि आपल्याकडे नेमके तेच वगळले जाते.

उलट बाजूला अंगठ्याची गोष्ट पाहा. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात दिवसभर हात असलेल्या बाईची, वर्षानुवर्षे बिडी वळणाऱ्या बाईची, तेंदूपत्ता तोडणाऱ्याची बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत. रेशन दुकानात अंगठा पुसून, पदराने कोरडा करून, दुसरे बोट लावून, तिसरे बोट लावून पाहणाऱ्या म्हाताऱ्या बाया आपल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ज्या तपासणीत खरी बाई अडते, त्या तपासणीत लबाड माणूस तरी अडतो का? आधार वापरून पैसे काढण्याच्या व्यवहारांत काही राज्यांत असे गुन्हे उघड झाले, की जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांच्या संकेतस्थळावरच्या प्रतींतून अंगठ्यांचे ठसे उचलले, सिलिकॉनचे बनावट अंगठे केले आणि खाती रिकामी केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची नवी पद्धत लागू केली. चांगले केले. पण मूळ दोष दस्त जसेच्या तसे संकेतस्थळावर ठेवणाऱ्या प्रणालीत होता. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून दस्ताची प्रत लोकांना दाखवण्याआधी त्यावरचे ठसे झाकायचे, हा नियम आराखड्यातच हवा होता.

'लाडकी बहीण' योजनेतही हेच घडले. २०२४ च्या जुलैत अर्ज सुरू झाले, निवडणूक तोंडावर होती, घाई होती. वर्षभराने पडताळणी झाली तेव्हा १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचे आढळले. अर्जदार स्त्री आहे की पुरुष, ही गोष्ट आधारच्या नोंदीत असते. ती पहिल्या दिवशी, पहिल्या अर्जाला विचारता आली असती. ती विचारली गेली नाही, आणि सप्टेंबर २०२५ पासून राज्यातल्या सगळ्या बहिणींना ई-केवायसी करायला लावले. अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या जंगलपट्टीत, जिथे मोबाइलला रेंज मिळवायला रस्त्यावर यावे लागते, तिथे ओटीपीची वाट पाहत बसणाऱ्या बायकांचे दिवस मोडले. नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार मागितल्याने विधवा आणि एकट्या बायकांची तर कोंडीच झाली. चूक करणारे थोडे, चुकीची किंमत भरणाऱ्या कोटींच्या घरात. नंतर बसवलेली सुरक्षा अशी महाग पडते, आणि तिचा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

बँका या बाबतीत अधिक सावध असतात अशी समजूत आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या दोन बँकांचे अनुभव सांगतो. २०१७ च्या आरंभी बँक ऑफ महाराष्ट्रच्या यूपीआय सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला. खात्यात पैसे नसतानाही पैसे पाठवता येत होते, आणि सुमारे २५ कोटी रुपये गेले. दुसरे प्रकरण कॉसमॉस सहकारी बँकेचे. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत तिचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. २८ देशांतल्या एटीएमवर कार्डे घातली जात होती, खोटी यंत्रणा 'द्या पैसे' म्हणत होती, आणि बँकेच्या मूळ खातेवहीला कुणी विचारतच नव्हते. बाहेर गेलेली रोकड आणि खात्यांतून वजा झालेली रक्कम यांचा मेळ दर तासाला घातला जात असता, तर पहिल्याच दिवशी घंटा वाजली असती. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. ते प्रामुख्याने भारतातल्या एटीएममधून रोकड काढणाऱ्या साखळीतले होते. आपल्याकडे अशा प्रकरणांचा शेवट साधारण असाच होतो. शेवटच्या टोकाचा हात पकडला जातो.

सुरक्षेला आरंभापासून जागा देण्यासाठी मोठ्यांनाही थांबावे लागले आहे. २००१ मध्ये कोड रेड आणि निम्डा या संगणकी किड्यांनी जगभर धुमाकूळ घातल्यावर जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहिले, की नवी सोय आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. त्यानंतर विंडोजवरचे नवे काम जवळजवळ दोन महिने थांबवून हजारो प्रोग्रामरांना शिकवले गेले आणि जुना कोड पुन्हा वाचून काढला गेला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत सॉफ्टवेअर कंपनीला जे पंचवीस वर्षे धंदा केल्यावर कळले, ते आपल्या राज्याच्या निविदांमध्ये अजून पुरते उतरलेले नाही. निविदेत सुरक्षेचे एक कलम असते. ते साधारणपणे शेवटच्या पानांत असते आणि त्यात एक प्रमाणपत्र मागितलेले असते.

त्या प्रमाणपत्राबद्दल थोडे बोलले पाहिजे. सरकारी संकेतस्थळ चालू करण्याआधी केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून तपासणी होते आणि 'सेफ टू होस्ट' असा दाखला मिळतो. तपासणी उपयोगाचीच आहे, तिला कमी लेखू नये. पण दाखला त्या दिवशीच्या सॉफ्टवेअरचा असतो. धान खरेदीचे नियम दर हंगामाला बदलतात: खरिपाची मर्यादा वेगळी, उन्हाळीची वेगळी, मध्येच बोनस, मध्येच फोटो, मध्येच मुदतवाढ. प्रत्येक बदलाने कोड बदलतो. मुदतवाढीचा आदेश संध्याकाळी निघतो आणि सकाळी पोर्टल चालू हवे असते. त्या रात्री केलेल्या बदलाची तपासणी कोण करतो? एप्रिल २०२३ मध्ये लोकसेवा आयोगाच्या गट ब व क संयुक्त पूर्वपरीक्षेची ९० हजारांहून अधिक प्रवेशपत्रे टेलिग्रामवर फुटली. उमेदवारांना ती ज्या बाह्य दुव्यावरून दिली जात होती, तिथूनच ती बाहेर गेली होती. गोंदियातल्या अभ्यासिकांत दिवसरात्र बसणाऱ्या कित्येक मुलांनी तो दिवस जीव मुठीत धरून काढला असेल. मुख्य प्रणाली भक्कम असून भागत नाही. तिला नंतर जोडलेली प्रत्येक खिडकी तेवढीच भक्कम लागते.

देखभालीचे महत्त्व कुणाला समजत नसेल तर त्याने आमच्या झाडीपट्टीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, येऊन पाहावेत. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. कोहळी समाजाची मंडळी तलावाची जागा निवडतानाच ठरवत असत, की पाळ कुठून कुठे जाईल, शेताला पाणी सोडायचे तुडूम कुठे बसेल आणि जास्तीचे पाणी सुखरूप वाहून जायला सलंग किती रुंद ठेवायची. पाळ आधी बांधू आणि पूर आल्यावर सलंग काढू, असे कुणी म्हटले असते तर त्याच्या हाती कुदळ दिली नसती. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि दरवर्षी गाळ काढणे, पाळीवरची झाडे तोडणे, तुडूम दुरुस्त करणे ही कामे कुणाचीच राहिली नाहीत. उत्तम बांधलेले तलाव देखभालीवाचून उथळ झाले, काही फुटले, काहींच्या पोटात शेती आली. सॉफ्टवेअरचे आयुष्य असेच आहे. बांधणीतला हुशार माणूस आणि दरवर्षी गाळ काढणारा माणूस, दोघेही लागतात. आपण निविदा फक्त पहिल्याची काढतो.

सॉफ्टवेअरमधला हा गाळ म्हणजे काय? एक तर आयते घेतलेले भाग. आजचे कोणतेही पोर्टल पूर्णपणे स्वतः लिहिलेले नसते. शेकडो तयार तुकडे जोडून ते उभे राहते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या अशाच एका तुकड्यात मोठे भगदाड सापडले. तो तुकडा जगभरच्या असंख्य प्रणालींमध्ये होता. ज्यांच्याकडे आपल्या प्रणालीत काय काय जोडले आहे याची यादी होती, त्यांना काय बदलायचे ते लगेच कळले. यादी नव्हती, ते आठवडेच्या आठवडे शोधत बसले. आपल्या जिल्ह्यात चालणाऱ्या प्रत्येक पोर्टलची अशी यादी कंत्राटदाराने शासनाला द्यायला हवी, आणि कंत्राट संपले तरी ती शासनाकडे राहायला हवी.

दुसरा गाळ माणसांचा. साहेबांची बदली झाली, लॉगिन तसेच. कंत्राटी ऑपरेटर सोडून गेला, पासवर्ड तोच. डिजिटल सहीचा डोंगल साहेबांच्या ड्रॉवरऐवजी ऑपरेटरच्या संगणकाला कायमचा लावलेला, कारण साहेब दौऱ्यावर असतात आणि लोक दाखल्यासाठी बाहेर उभे असतात. मी अशा कचेरीत उभा राहिलो आहे. संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर तीन लॉगिन लिहिलेली होती, आणि त्यांतला एक अधिकारी केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. त्या ऑपरेटर मुलाला मी दोष देणार नाही. तुटपुंज्या मानधनावर तो दिवसाला शंभर माणसांची कामे उरकतो. प्रणालीनेच त्याला दुसऱ्याच्या नावाने काम करायला भाग पाडले आहे, कारण त्याचे स्वतःचे, मर्यादित अधिकाराचे लॉगिन कुणी ठेवलेच नाही. आणि काही घडले तर पहिला गुन्हा त्याच्यावर दाखल होणार.

डिसेंबर २०२५ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातले शेंदुरसनी हे आर्णी तालुक्यातले गाव बातम्यांत आले. गावची लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास, आणि त्या ग्रामपंचायतीच्या नावाने काही महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झालेल्या. एका छोट्या ग्रामपंचायतीच्या लॉगिनवर एवढ्या नोंदी चढत असताना केंद्रीय जन्म-मृत्यू नोंदणी प्रणालीने त्या मुकाट्याने स्वीकारल्या. गावाची लोकसंख्या, वर्षाचा जन्मदर, एका दिवसातल्या नोंदी: एवढ्या साध्या हिशोबाची चाळणी नव्हती. असेच लॉगिन गोंदियाच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे. शेंदुरसनीत जे झाले ते सडक अर्जुनीत होणार नाही, असे म्हणायला माझ्यापाशी कोणताही आधार नाही.

गोंदियासारख्या जिल्ह्याच्या हाती काय आहे, असा प्रश्न येथे प्रामाणिकपणे विचारला जातो. प्रणाली दिल्लीत, मुंबईत, पुण्यात बनतात. जिल्ह्याला फक्त लॉगिन मिळते. हे खरे आहे, आणि म्हणूनच बदलायला हवे. खरेदीचे पोर्टल ज्या जिल्ह्यांसाठी आहे, त्या जिल्ह्यांच्या पणन अधिकाऱ्यांना, संस्थांच्या सचिवांना आणि शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना आराखड्याच्या बैठकीत जागा हवी. हंगामाच्या आधी एक महिना पोर्टलचे नियम गोठवावेत आणि त्यानंतर बदल करायचाच झाला तर त्याची तपासणी करूनच करावा, असे शासनाने ठरवावे. एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पण धानाची भरडाई होऊन तांदूळ गोदामात जाईपर्यंत आणि हिशोब मिटेपर्यंत वर्ष उलटते, तेव्हा खरेदीच्या नोंदी निदान तीन वर्षे जपायला हव्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा 'वाजवी सुरक्षा उपाय' न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. शेतकऱ्याचे आधार, खाते क्रमांक आणि फोटो घेणारी प्रत्येक संस्था या कायद्याच्या कक्षेत आपली जबाबदारी काय, हे आजच तपासून घेईल तर बरे.

जिल्ह्याला स्वतःच्या बळावर करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. बदलीचा आदेश निघाला त्याच दिवशी लॉगिन बंद, हा नियम करायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. प्रत्येक ऑपरेटरला त्याच्या नावाचे लॉगिन मागून घेता येते. केंद्रावरची रोजची खरेदी संध्याकाळी फलकावर लिहिली, ग्रामसभेत वाचली, तर कोणत्या केंद्रावर अशक्य आकडा चढला ते गावातला हमालही सांगेल. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी शिबिरात पोस्टर रंगवण्याऐवजी एका हंगामात एका केंद्राची धोक्यांची यादी करून जिल्हाधिकाऱ्यांना दिली, तर ते काम कुठल्याही परदेशी सल्लागाराच्या अहवालापेक्षा मोलाचे ठरेल.

आणि वाचकाला एक विनंती. आपल्या तालुक्याच्या धान खरेदीबद्दल माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा. पोर्टलची सुरक्षा तपासणी शेवटची कोणत्या तारखेला झाली, त्यानंतर केलेल्या बदलांची फेरतपासणी झाली का, आणि बदली होऊन गेलेल्या किंवा काम सोडलेल्या किती जणांची लॉगिन अजून चालू आहेत, एवढेच विचारा. त्याला संगणकाचे शिक्षण लागत नाही, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, म्हणून नोंदणी सुरू होण्याआधीच अर्ज टाका.